पत्ता लावू मित्रमंडळ

आमच्या चित्रकलेच्या सरांनी मला पहिल्यांदा सुपरहिरो केलं, तेव्हा मी त्यांना मेमो देणार होते. मी शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका होते आणि गणित शिकवत होते. शनिवारी सकाळची शाळा. गेटातून आत आले तर व्हरांड्यात ही गर्दी. सरांनी दोरीला चिमटे लावून आपल्या कॉमिकचं नवं पान टांगलं होतं आणि त्या पानात मी होते. नेहमीची कॉटनची साडी, खांद्याला पर्स, मनगटावर भिंतीवरच्या घड्याळाएवढं घड्याळ. डोळ्यांतून दोन पिवळे झोत निघालेले आणि त्या झोतांत एक चोर थरथरत उभा. खाली लिहिलं होतं : 'गणितबाई. शक्ती – डोळे वटारणे.'

"हे काय आहे, सर?"

"तुम्ही आहात."

"मला न विचारता?"

"बघा, बघा," सर पोरांकडे वळून म्हणाले, "आत्ता बाई जे करतायत ना, तेच मला रेषेत आणायचं होतं."

पोरं हसली. मी गर्दी हटवली आणि घंटा द्यायला सांगितली. मेमो राहून गेला. शाळेत कामं कमी नसतात.

आमचं गाव नांदूरघाटच्या पुढं, फाट्यावरून आत. शाळा पहिली ते दहावी. सर मूळचे लिंबागणेशचे, एकटेच, गावात एका खोलीत भाड्यानं राहायचे. अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास. मोबाइल होता, पण तो बंद करून शाळेच्या टेबलाच्या खणात ठेवलेला. का, तर चालू ठेवला की लोक फोन करतात. सगळ्यांना अहो-जाहो करायचे, पहिलीतल्या पोरालासुद्धा. "अहो गणपतराव, नाक पुसा आणि मग रंग घ्या." गणपतराव नाक पुसायचे. मी ओरडले असते तर पुसलं नसतं.

एकदा तपासणीला साहेब आले होते. सरांनी पोरांकडून जांभळी झाडं काढून घेतली होती. साहेब म्हणाले, "झाड हिरवं असतं, सर." सर म्हणाले, "तुम्ही सकाळी उशिरा उठत असाल." साहेबांचा चहा तसाच राहिला. पुढचा अर्धा तास मी शालेय पोषण आहारावर बोलत राहिले, तेव्हा कुठं ते शांत झाले.

सरांचा कागद म्हणजे फ्लेक्स. आमच्याकडं फ्लेक्सला तोटा नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं नुसतंच हार्दिक स्वागत. कार्यक्रम उरकला की सर शिडी घेऊन फाट्यावर हजर. एकदा एका कार्यकर्त्यानं हटकलं, "ओ सर, भाऊंचा फ्लेक्स कावून काढायलात?"

"वाढदिवस झाला ना त्यांचा?"

"झाला की परवाच."

"मग आता ते रिकामेच आहेत. जरा शाळेच्या कामाला येऊ द्या."

फ्लेक्सची पांढरी मागची बाजू ऑइलपेंटनं रंगवायची. वारा आला की पान उलटायचं आणि हाणामारीच्या मधेच भाऊ हात जोडून हसताना दिसायचे. पोरांना त्याचंही काही वाटत नसे.

त्या कॉमिकचं नाव होतं 'पत्ता लावू मित्रमंडळ'. आमच्या भागात चार माणसं एकत्र आली की मंडळ होतं, तेव्हा सुपरहिरोंचंही मंडळच. दर शनिवारी एक पान. मंडळाचं काम एकच, गायब झालेल्या गोष्टींचा पत्ता लावायचा. सभासद चार, चौघंही गावातलेच. गिरणीवाले बाबूराव : गिरणीच्या घरघरीतही दोन आळ्यांपलीकडची कुजबूज ऐकू येते. एसटीची कंडक्टर मंगल : एकदा पाहिलेला प्रवासी आणि त्याचा स्टॉप विसरत नाही. मेंढ्या राखणारी सोनाबाई : अर्ध्या मैलावरून चाल ओळखते, मेंढीची आणि माणसाचीही. आणि चौथी मी.

पहिल्या प्रकरणात हापशाचा दांडा गायब झाला. दुसऱ्यात सरपंचाचा कोंबडा. गावातली म्हातारी माणसं शनिवारी बाजाराला निघताना आधी शाळेत डोकावून जायला लागली. "कोंबडा घावला का, म्याडम?" असं मला रस्त्यात विचारत. मी सांगत असे, मला माहीत नाही, मी फक्त त्यात आहे.

खरं सांगायचं तर बाकीच्या तिघांना हे सभासदत्व फार आवडलं होतं. बाबूराव गिऱ्हाइकांना सांगायचे, "हळू बोला, मला समदं ऐकू येतंय." मंगल तिकीट न काढणाऱ्याला म्हणायची, "मी कोण हाय म्हाईत न्हाई का तुला?" सोनाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी फक्त आपलं चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "काठी डाव्या हातात दिलीया. मी उजवी हाय." सरांनी पुढच्या शनिवारी काठी बदलली.

तिसरं प्रकरण दिवाळीच्या तोंडावर सुरू झालं : 'गायब पोरं.'

हे प्रकरण आमच्याकडं दर वर्षीचं. दिवाळी झाली की गावात ट्रक येतात. आईबाप कोयते, भांडी, शेळ्या आणि लेकरं घेऊन ऊसतोडीला निघतात, थेट सांगली-कोल्हापूरकडं. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा वर्गात बाक जास्त आणि पोरं कमी. मागे राहणाऱ्यांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. दोन वेळचं जेवण, झोपायला गाद्या, देखरेखीला बाई. मुलगे बरेच राहतात. मुली राहत नाहीत. मुलींना तिकडं काम असतं.

सातवीत राणी नावाची मुलगी होती. वाचनात पुढं, गणितात मागं, बोलायला पुढं. दोन दिवाळ्या ती अशीच गेली होती आणि दोन्ही वेळा परीक्षेच्या तोंडावर परत येऊन कशीबशी वरच्या वर्गात ढकलली गेली होती. आता तिसरी खेप. सातवी अशी गेली तर आठवीला ही शाळेत दिसणार नाही, हे मला अनुभवानं माहीत होतं. एकदा सुटली की पोरगी घरी राहते आणि मग तिच्यासाठी स्थळं येतात. मी तिच्या आईला बोलावलं, वसतिगृहाचं सांगितलं. आई म्हणाली, "म्याडम, हिला ठिवलं तर धाकट्याला कोण बघन? दीड वर्साचा हाय. आमी दोघं फडात, त्यो कोपीत एकटा. चूल हाय तिथं, कुत्री हायत."

सरांनी त्या प्रकरणात एक राक्षस काढला. साखर कारखान्याच्या चिमणीत राहणारा, धुराचा, दिवाळीनंतर पोरांना ओढून नेणारा. झकास काढला होता. पोरं पानासमोरून हलेनात. राणी मात्र दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "सर, चुकलंय. चिमणीत कुणी ऱ्हात न्हाई."

"तुम्ही पाहिलीय चिमणी, राणीबाई?"

"दर साली बघते. नुसता धूर निघतोय. आन् आमाला कुणी ओढून न्हेत न्हाई, आमी ट्रकात बसून जातो."

सर मधल्या सुट्टीत माझ्यापुढं येऊन बसले. "गणितबाई, पोरं कुठं जातात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे?"

"अर्थात."

"तुम्हालाही?"

"मलाही."

"मग मंडळ कशाचा शोध घेतंय?"

"ते तुम्ही ठरवायचं. तुमचं मंडळ आहे," मी म्हणाले आणि वह्या तपासायला घेतल्या.

दिवाळी झाली. ट्रक गेले, राणी गेली. शाळा उघडली आणि सरही नाहीत.

खोलीला कुलूप. मोबाइल टेबलाच्या खणात, बंद. रजा नाही, निरोप नाही. पहिले दोन दिवस मीच त्यांच्या तासाला पाढे म्हणून घेतले आणि चित्रकलेवर पोरांचं प्रेम अचानक वाढलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाबूराव, मंगल आणि सोनाबाई माझ्या ऑफिसात येऊन उभे राहिले. कुणी बोलावलं नव्हतं.

"म्याडम, सर गायब हायत," बाबूराव म्हणाले.

"मला माहीत आहे."

"मग मंडळानं बघाय नको का?"

मी म्हणाले, मंडळ चित्रातलं आहे. तिघांनीही हे ऐकून घेतलं आणि खुर्च्या ओढल्या.

बाबूराव म्हणाले, सरांनी जायच्या आदल्या दिवशी चांगली मोठी पिशवीभर बाजरी दळून नेली. "एकल्या माणसाला एवढं पीठ कशाला वो? मी विचारलं बी. तर मनले, पाहुण्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये." सोनाबाईंनी त्यांना पहाटे पाहिलं होतं, धुक्यात. "तोंड न्हाई दिसलं. पर चाल त्येंचीच. उजवा पाय जरा ओढीत्यात. खांद्यावर ह्ये मोठं भेंडोळं व्हतं."

"माझ्याच गाडीत बसले," मंगल म्हणाली. "भेंडोळं फ्लेक्सचं. बार्शीला उतरले आन् सांगलीची गाडी किती वाजता, मनून विचारायलते."

"मग हे तू तीन दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुमी विचारलं का?"

सोनाबाई माझ्याकडं वळल्या. "आता तुमची पाळी, म्याडम. वटारा कुणाकडं तरी."

मी वटारले नाहीत. सरळ मुकादमाला फोन लावला. गावातल्या टोळ्या तोच नेतो, तोच आणतो. तो म्हणाला, "हायत की हितं. पण तुमी सोता या, म्याडम. ह्ये फोनवर सांगण्यासारखं न्हाई."

मंगलची साप्ताहिक सुट्टी होती, तिनं एक रजा जोडली. आम्ही दोघी निघालो. वाटेत ती प्रत्येक कंडक्टरला सांगत होती, "तपासाला निघालोत."

कारखान्याची चिमणी दोन कोसांवरून दिसते. तिच्या सावलीत माळावर कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, ओळीनं. पोचलो तेव्हा मोठी माणसं फडात गेली होती. एका बाभळीखाली भाऊंचा फ्लेक्स अंथरला होता, रंगवलेली बाजू वर. वाघ, हत्ती, कोंबडा. त्यावर रांगणारी, लोळणारी, एकमेकांचे केस ओढणारी डझनभर तरी लेकरं. आणि मधोमध आमचे चित्रकलेचे सर, मांडीवर एक जाडजूड पोर. त्यानं सरांची मिशी मुठीत धरली होती आणि ते झोपलं होतं.

"हळू बोला," सर ओठ न हलवता म्हणाले. "मोठ्या मुश्किलीनं झोपलेत."

"सर, हे काय चाललंय?"

"चिमणी बघायला आलो होतो. बरोबर काढायची होती. राणीबाईंना म्हटलं, दाखवा. तर त्यांना वेळ नाही, कडेवर हे. म्हटलं अर्धा तास मी धरतो. तर बाकीच्या मुलींनी आपापली आणून ठेवली."

"आणि?"

"आणि उठता येत नाही. उठलो की सगळे मिळून रडतात."

पलीकडं माळावर चार मुली लंगडी खेळत होत्या. राणी त्यांत होती. परकर खोचलेला, एका पायावर, पुढच्या मुलीला शिव्या घालत. शाळेत मी तिला इतक्या जोरात पळताना कधी पाहिलं नव्हतं. दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन पळता येत नाही, एवढी गोष्ट मला तिथं उभं राहिल्यावर कळली. तोवर मी 'मुलींना काम असतं' असं बोलत होते, काम म्हणजे काय ते पाहिलं नव्हतं.

"चला," मी सरांना म्हणाले. "तुमची नोकरी जाईल."

"मी आलो तर ह्या चौघी पुन्हा कामाला. त्यांना घेऊन चला."

"आणि ही पलटण?"

"त्यासाठीच तुम्हाला शक्ती दिलीय."

मी कोप्यांमधून एक चक्कर मारली. काशीआत्या म्हणून एक म्हातारी होती, टोळीतल्याच कुणाची सासू. पाठ गेल्यामुळं तोडीला उपयोगाची नाही म्हणून भाकरी थापायला आणलेली. तिला विचारलं, लेकरं सांभाळशील? ती म्हणाली, "सात काढलीत म्या. पर मला काय भेटन?" मी म्हणाले, प्रत्येक घरातून रोज एक भाकरी. ती म्हणाली, "कोरड्यासासंगं." भाकरीबरोबर कालवणही, ठरलं.

संध्याकाळी मुकादम आला. त्याला सांगितलं, बाभळीला सावली पुरत नाही, ताडपत्री बांधून दे. आणि पाण्याचा एक पिंप.

"असं कदी झालं न्हाई, म्याडम. एकाला दिलं की समदे मागत्यात."

मी त्याच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, नेहमीसारखं. तो मान वळवून सरांना म्हणाला, "सर, तुमी त्या चित्रात गावातल्या समद्यांना घेतलं. कोंबड्याला घेतलं. मला कावून न्हाई?"

"घेऊ की. मंडळात जागा आहे."

"पावर कोणती देता?"

"कोणती पाहिजे?"

"एका हातानं ट्रक उचलायची."

सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताडपत्री," ते म्हणाले. "तुम्ही हात पसरले की ऊन थांबतं, वारा थांबतो."

"ही कुठं पावर असती का?"

"ट्रक उचलणारे शंभर मिळतील," मी म्हणाले. "ऊन थांबवणारा एक दाखव."

त्यानं जरा विचार केला. "मिशी नीट काढा मग," म्हणाला आणि ताडपत्री आणायला गेला.

बाकीच्या तिघींच्या आया ताडपत्री बघून तयार झाल्या, राहिली राणीची आई. ती फडातून आली ती थकलेली आणि चिडलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. "तुमचं बराबर हाय. पर ह्यो दुसऱ्यापाशी ऱ्हात न्हाई. उद्या दोपारपातूर आत्यापाशी ठिवते. रडला तर पोरगी मिळायची न्हाई. मग मला बोलायचं न्हाई." राणी चुलीपाशी बसून काडीनं जमीन उकरत होती.

दुसऱ्या दिवशी सरांना मी उसाच्या बैलगाडीमागं बसवलं. पोरगं मिशीला चटावलं होतं, दिसले असते तर संपलंच. राणीला पाण्याला पाठवलं. ते पोर उठलं, इकडंतिकडं पाहिलं आणि भोंगा लावला. एकाचं ऐकून सगळे. मंगल म्हणाली, "गेली केस." काशीआत्या मात्र भाकरी थापत होती ती थापतच राहिली. मग हात झटकून उठली, पोराला उचललं, लुगड्याच्या धडप्यानं पाठीशी बांधलं आणि पुन्हा परातीपुढं बसली. ती पुढंमागं झुलायची तसं तेही झुलायचं. थोड्या वेळानं आवाज बंद. गाडीमागून सरांनी डोकं काढलं, मी ते खाली दाबलं.

दुपारी आई धावतपळतच आली. पोरगं काशीआत्याच्या पाठीवरून हात पुढं काढून भाकरीचं पीठ चाटत होतं. आईनं हाक मारली. त्यानं एकदा बघितलं आणि परत पिठात हात घातला.

"मला वळख बी देईना मेला," ती म्हणाली. हसावं की रडावं, तिला कळेना. मग राणीकडं वळली. "बघती काय? उचल पिशवी. आन् म्याडमनी मारलं तर घरी सांगायचं न्हाई."

येताना आम्ही सात जण होतो, त्यांत चार मुली. मंगलनं सगळ्यांना खिडकी मिळवून दिली. सरांकडून रजेचा अर्ज मी बार्शीच्या स्टँडवरच लिहून घेतला. कारणात त्यांनी 'चिमणी पाहणे' असं लिहिलं. मी ते खोडून 'घरगुती' असं केलं.

शनिवारी शेवटचं पान लागलं. अख्खं गाव जमलं होतं. मंडळ चिमणीपाशी पोचलंय, मुकादम दोन्ही हात पसरून आभाळभर उभा, मिशी भरघोस. समोर गुन्हेगार. चिमणीपेक्षा उंच, गुबगुबीत, अंगात झबलं, हनुवटीवर लाळ, एका मुठीत चार मुलींच्या वेण्या आणि दुसऱ्या मुठीत उपटलेली एक मिशी. राणी पानापुढं उभी राहिली. सर थोडे मागं, चूक निघेल म्हणून घाबरलेले.

"आता बराबर हाय," ती म्हणाली.

राणी त्या वर्षी शेवटपर्यंत वर्गात होती. गणितात काठावर पास झाली, स्वतःच्या मार्कांवर. मी वाढवून दिले नाहीत. पुढच्या हंगामालाही ती वसतिगृहात राहिली, त्याच्या पुढच्याही. माळावरच्या ताडपत्रीखाली काशीआत्याला दर साली नवी गिऱ्हाइकं मिळत गेली. सर निवृत्त होऊन लिंबागणेशला गेले. भावाच्या गोठ्याच्या भिंती रंगवतात आणि मोबाइल अजून बंद असतो. कामाचं काही असलं की मला पोस्टकार्ड टाकावं लागतं.

गेल्या जूनमध्ये ऑफिसात बसले होते. राणीची आई आली. सहा वर्षांच्या एका धडधाकट पोराला तिनं दंडाला धरून आत ओढलं आणि माझ्या टेबलापुढं उभं केलं.

"घ्या म्याडम. तुमचा गुन्हेगार. लई दिस फरार व्हता. आता पयलीत घाला."

पोरगं जराही भ्यालं नाही. भिंतीवरचे नकाशे बघत म्हणालं, "माझं चित्र कुठं हाय?"

मी कपाट उघडून ते पान काढलं आणि जमिनीवर पसरलं. त्यानं चपला काढल्या, फ्लेक्सवर चढला आणि आपल्या लाळेपासून चिमणीच्या टोकापर्यंत चालत गेला.

"एवढा मोठा व्हतो मी?"

"होतास."

"मग आता ल्हान कावून झालो?"

त्याची आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी त्याला उचलून खाली उतरवलं, पहिलीच्या वर्गात नेऊन पुढच्या बाकावर बसवलं आणि वर्गाच्या बाईंना सांगितलं, याच्या शेजारी वेणीवाली पोरगी बसवू नका.